कोड, वासरू आणि पापडाची लाटी

आमच्या गल्लीत माझं नाव ‘गोरी आजी’. मुलाने अमरावतीला घर बांधलं आणि मी अकोल्याहून त्याच्याकडे राहायला आले, तेव्हापासून हेच नाव चालत आलंय. नव्या सुना पाया पडायला आल्या की त्यांच्यातली एखादी हमखास म्हणते, “आजी, तुमी जवानीत कशा दिसत असान व!” मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, म्हातारी लाजली. मी हसू गिळत असते.

जवानीत मी काळी होते. सावळी, गव्हाळ, निमगोरी असले मधले शब्द आमच्या घरात नव्हते. अंजनगावला वडिलांचा पानमळा होता. पाणी दिल्यावर मळ्यातली माती जशी दिसते, तशी मी दिसायची, आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता. काळ्या रंगावर लाल लुगडं खुलतं, असं कोणीतरी एकदा म्हटलं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं की लग्नात पाच लुगडी घ्यायची होती, त्यातली चार लाल घेतली. पाचव्याला दुकानात लाल उरला नव्हता.

तर आज लोक जो गोरेपणा पाहतात, तो कोडाचा आहे. बोटाच्या एका पेरावर सुरू झाला आणि सगळा जन्मभर सावकाश चालत चालत अंगभर पसरला. आता पोटरीवर तेवढा तळहाताएवढा तुकडा जुन्या रंगाचा शिल्लक आहे. बाकीचा संसार पांढरा झाला. अकोल्याला ज्यांनी तो पसरताना पाहिला त्यांना सगळं माहीत आहे. अमरावतीच्या गल्लीने मला पाहिलं ते काम पूर्ण झाल्यावर. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फुकटचं कौतुक कोणी देत असेल तर या वयात बाई नाही कशाला म्हणेल?

सुरुवात अकोल्याची. लग्न होऊन मी जुन्या शहरात गेले, मोर्णा नदीच्या काठापासून जवळच धाब्याचं घर होतं. म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर, शिडी लावून चढायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात उजव्या हाताच्या बोटावर तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला. मी पानमळ्यातली पोर. बोटाला पांढरं लागलं म्हणजे चुना, दुसरं काय असणार? मी तो पदराला पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसला, पुन्हा पुसला. असं मी कितीतरी दिवस पुसत होते. एकदा तर नवऱ्यावर डाफरले, की तुम्ही पान खाऊन चुन्याची डबी उघडी ठेवता आणि माझे हात भरतात. तो बिचारा पान खातच नव्हता.

सासूबाईंच्या मात्र लगेच लक्षात आलं. पुढचा चैत्र लागला तसं वाळवण सुरू झालं. आळीतल्या बायका एकमेकींच्या घरी पापड लाटायला जायच्या, आज हिच्या घरी, उद्या तिच्या. उडदाच्या पिठाचा घट्ट गोळा तेलाचा हात लावून लावून कुटायचा, त्याच्या लांब वळ्या करायच्या, दोऱ्याने त्यांच्या लाट्या कापायच्या. त्या कच्च्या लाटीला तेलात बुडवून खाण्यात जी मजा आहे ती तळलेल्या पापडातही नाही. आमच्याकडे बायका पापडाला येतात त्यातल्या अर्ध्या तर लाटीसाठीच येतात.

एके दिवशी आमच्या घरी पापड होते. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “सूनबाई, तू धाब्यावर बस. पापड राख. तुही नजर तेज हाय, कावळा टिकत नाई तुह्यापुढं.”

मी फुलून गेले. खाली माझी मोठी जाऊ घामाने निथळत पीठ कुटत होती, आणि मी, कालची सून, मला नजरेचं काम मिळालं. शिडीवरून वर चढताना मी तिच्याकडे बघून जरा हसलेसुद्धा. वर काळी छत्री होती. कावळे काळ्या छत्रीला बिचकतात, म्हणून ती उघडून पापडांच्या मधोमध ठेवायची असते. छत्री पापडांना, ऊन मला. हातात काठी घेऊन मी गाणी म्हणत बसले. खालून जाऊबाईंनी विचारलं, “काय व, काय चाललंय वरतं?” मी म्हणाले, “राज्य चाललंय.” हे वाक्य तिने पुढे जन्मभर विसरू दिलं नाही.

त्यात माझ्या हुशारीची भर पडली. ठिपक्यांचे आता चट्टे झाले होते, आणि एका वैद्यांनी बावचीचा लेप दिला होता. बावची म्हणजे काळ्या चपट्या बिया. त्या उगाळून चट्ट्यांवर लावायच्या आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसायचं. मी विचार केला, कोवळ्या उन्हाने हळूहळू गुण येत असेल, तर भर दुपारच्या उन्हाने आठवड्यात काम होईल. आणि मला तर धाबंच दिलंय बसायला. औषधाचं औषध, पापडाचे पापड. अकोल्याचं चैत्रातलं ऊन कसं असतं हे मला कोणी सांगायला हवं होतं असं नाही, मी त्यातच राहत होते. पण शहाणपण आणि ती पोरगी यांची तोवर गाठ पडली नव्हती. लेप लावला, बाह्या वर केल्या आणि दुपारभर बसले.

संध्याकाळी हातांवर फोड आले. पापड तळल्यावर येतात ना, अगदी तसे. जाऊबाईंनी दोन्ही हातांना तूप लावलं, आणि लावता लावता म्हणाल्या, “खालतं बसली असती तं काय झालं असतं व तुले?”

फोड बरे झाले आणि मी खाली बसायला गेले. शेजारच्यांकडे पापड होते. मी पोळपाट घेऊन बसले आणि लाटी घ्यायला हात पुढे केला, तर परात माझ्यापासून हातभर लांब गेली. कोणी सरकवली ते दिसलं नाही. सगळ्या खाली माना घालून लाटत होत्या. जाऊबाईही. तेव्हा मला कळलं की धाबं म्हणजे काय होतं. इतका वेळ लागला कळायला, याची मला आजही गंमत वाटते. त्या दिवशी वाटली नव्हती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “रंग गेला तं गेला. आवाज तं नाई ना गेला? मंग माह्या नशिबात काई फरक नाई.” तो असाच होता. त्याच्या सांत्वनाने रडू थांबायचं, कारण राग यायचा.

पुढच्या वर्षांचं काही फारसं सांगण्यासारखं नाही. औषधं झाली, पथ्यं झाली, मासे आणि दूध एकत्र खाल्लं होतं का याच्या चौकशा झाल्या. मी अंजनगावच्या मळ्यातली, मासा माझ्या ताटात कधी आलाच नव्हता. चट्टे वाढत गेले, लोकांना सवय झाली, सासूबाई थकल्या तसा स्वयंपाक आपोआप माझ्या हातात आला. एके काळी ज्या हाताला पीठ लागू देत नव्हते, त्या हाताने त्यांना शेवटी पेज भरवली. जुना विषय मी काढला नाही. त्यांनी तोंड उघडून पेज घेतली, तेवढं पुरे होतं.

आता माझ्या नातीकडे वळते. ती डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीत सुटीला आली होती. मी तिला विचारलं, “तुझ्या पुस्तकात मला काय म्हणतात?”

“व्हिटिलिगो,” ती म्हणाली. “जुनं नाव ल्युकोडर्मा.”

“म्हणजे काय?”

ल्युकोडर्मा सोपं निघालं. ग्रीक शब्द, पांढरी कातडी. आपल्या जुन्या वैद्यकातला श्वित्र हा शब्दही तसाच, पांढऱ्यावरून आलेला. दिसलं ते सांगितलं आणि गप्प बसले, असे सभ्य शब्द. पण व्हिटिलिगो रोमन लोकांच्या भाषेतला, आणि तो कुठून आला याबद्दल डॉक्टरांतच एकमत नाही. कोणी म्हणतात, दोष किंवा व्यंग अशा अर्थाच्या शब्दावरून आला. कोणी म्हणतात, वासरू अशा अर्थाच्या शब्दावरून. वासराच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, तसं हे दिसतं म्हणून.

“नक्की कुठलं?” मी विचारलं.

“नक्की कोणालाच माहीत नाही, आजी.”

मला फार बरं वाटलं. एवढे मोठे डॉक्टर, आणि नावाचाच पत्ता नाही. मी तिला म्हटलं, मग माझ्यापुरतं वासरू धर. आमच्याकडे वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका आला की त्याचं नाव चांद्या ठेवतात, त्याला आधी गूळ मिळतो, आणि त्याला उन्हात काठी देऊन कोणी बसवत नाही.

“आणि कोड?” मी विचारलं.

ती जरा थांबली. म्हणाली, “कोड हा शब्द कुष्ठावरून आलाय, आजी. जुन्या काळी कातडीचे बरेच रोग त्या एकाच शब्दात घालायचे. हिंदीत कोढ म्हणजे तर सरळ महारोगच.”

म्हणजे एवढंच होतं. परात सरकली ती माझ्या हाताला भिऊन नव्हे. नावाला भिऊन सरकली. नातीने पुढे समजावलं की हे लागत नाही, जंतू नाहीत, शरीरच आपल्या रंग करणाऱ्या पेशींना परकं समजून मारतं. मी म्हटलं, “घरात आलेल्या माणसाला परकं समजायचं? म्हणजे सासरच म्हण की.” ती हसली आणि म्हणाली, हे मी परीक्षेत लिहू का?

हे सगळं माझ्या डोक्यात ताजं होतं, तेवढ्यात यंदाचा उन्हाळा आला.

आमच्या गल्लीत बायकांचा बचत गट आहे. उन्हाळ्यात पापड करून विकतात. पीठ मळणं, कुटणं, लाटणं सगळं आमच्या घरी होतं, कारण आमची खोली मोठी आणि गच्ची रिकामी. मी गटात नाही, पण वयाने मोठी म्हणून पहिली लाटी मी कापायची आणि सगळ्यांच्या हातावर ठेवायची, अशी रीत पडली आहे.

शेजारणीकडे नवी सून आली होती, अकोल्याचीच. शिकलेली, चुणचुणीत. तिच्या बोटांवर आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरे चट्टे होते. मुलाने ते पाहूनच तिला पसंत केली होती आणि शेजारणीने होकार दिला होता. पण होकार देणं वेगळं आणि पाहुण्यांसमोर तिच्या हातचं ताट ठेवणं वेगळं. शेजारीण एका दुपारी माझ्याकडे येऊन बसली.

“काकू, तिले गटात यायचं हाय. मी काय करू?”

“येऊ दे.”

“तुमाले सोपं हाय म्हणनं. बाया काय म्हनतीन?” तिने पदराने मान पुसली. “मी तिले सांगितलं, गटातल्या बायायनं तुह्या हातचं घेतलं, तं मी बी पाव्हण्यायसमोर तुह्या हातचं ठेवीन. त्यायनं नाई घेतलं, तं मंग तू हातमोजे घालूनच पोया करत जाय. मी आनून ठेवले हाईत.”

ही बाई दुष्ट नाही. तिने सुनेसाठी डॉक्टरही शोधला होता, चांगला होता. फक्त गल्ली काय म्हणेल हे गल्लीलाच विचारून टाकावं, म्हणजे आपल्यावर काही येत नाही, असा तिचा हिशेब.

सून मला गच्चीवर भेटली, कपडे वाळत घालताना. मी विचारलं, “पापड येतात का?”

“नाही आजी. पण शिकीन.” मग चिमटा लावता लावता म्हणाली, “एकदा ते मोजे घातले ना, की ते उतरायचे नाहीत. मला माहीत आहे.”

ही पोरगी माझ्यापेक्षा फार हुशार होती. मला जे परात सरकल्यावर कळलं, ते तिला मोजे डब्यात असतानाच कळलं होतं.

पहिल्या पापडाच्या दिवशी सगळ्या आमच्या खोलीत जमल्या. शेजारीण सुनेला घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. गटाची अध्यक्षीण चाळिशीची, गोड बोलणारी बाई. आणि एक आमची परतवाडेवाली. तिचं माहेर परतवाड्याचं म्हणून सगळ्या तिला तसंच म्हणतात. तिच्या तोंडाला फाटक नाही, पण तिच्याइतका पातळ पापड अख्ख्या गल्लीत कोणी लाटत नाही.

अध्यक्षीण म्हणाली, “आमचं काई नाई व ताई. पन गिऱ्हाईक हाय. कोनी पाहिलं आन बोललं, तं गटाचं नाव जाते.”

परतवाडेवाली म्हणाली, “कोढ हाय ते. खानपानची चीज हाय बाप्पा. हसन्यावारी नेऊ नोका.”

“कोढ नव्हे,” मी म्हणाले आणि नातीने सांगितलेलं सगळं सांगितलं. नाव कुठून आलं, रोग कसा वेगळा, लागत कसा नाही. वासराचंही सांगितलं. सगळ्यांनी आदराने ऐकलं, माना डोलावल्या, आणि कोणाच्याही मनावरचं काहीही हललं नाही. गल्लीत मान असण्याचा हा तोटा आहे. लोक ऐकून घेतात.

मग अध्यक्षिणीला तोडगा सुचला. तिचा चेहरा उजळला. “असं करू. हिले आपन गच्चीवर बसवू. पापड राखाले. उन्हाचं काम हाय, जिम्मेदारीचं हाय. कोनी ना कोनी लागतेच.”

काठी आणि छत्री तेवढी द्यायची बाकी होती. मी सुनेकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही फुलेल.

ती म्हणाली, “बसते ना काकू, मला काही हरकत नाही. पण वाळलेले पापड गोळा कोण करणार? माझ्याच हातांनी करावे लागतील.”

परतवाडेवालीने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. शेजारीण पुटपुटली, “चल घरी, मी म्हनलंच होतं,” आणि सुनेचा दंड धरला.

आता माझं फुकटचं कौतुक गेलं, हे मला त्या क्षणी समजलं, आणि खोटं कशाला सांगू, जरा जड गेलं. मी म्हणाले, “थांबा. मलाही कोडच आहे.”

कोणी दचकलं नाही. परतवाडेवाली हसली. “आजी, तिच्यासाठी खोटं काहाले बोलून राहिल्या? तुमी तं गोऱ्या हा.”

“गोरी नाही. काळी होते. हे सगळं नंतर आलं.”

“आजीचं मन मोठं हाय,” अध्यक्षीण म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

माझी पंचाईत झाली. इतकी वर्षं न सांगितलेलं सांगावं, आणि कोणी विश्वासच ठेवू नये. मी पोटरीवरचा तुकडा दाखवला. परतवाडेवाली वाकून म्हणाली, “हा तं डाग हाय. म्हातारपनी येते. त्याले काई लावू नोका.” मी म्हटलं, “अगं, तो डाग नाही. ती मी आहे. डाग बाकीचा सगळा आहे.” सगळ्या हसल्या. मी लग्नाचा फोटो आणायला लावला. जुना फोटो, त्यात मी काळी, नवरा काळा, भटजी काळा, मागची भिंतही काळी. अध्यक्षीण म्हणाली, “त्या वक्ताचे फोटो असेच येत होते.”

शेवटी मी अकोल्याला जाऊबाईंना फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर टाकून मध्ये ठेवला. जाऊबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून त्या स्वतः ओरडून बोलतात.

“मला काय झालं होतं हो, सांगा यांना.”

“कुठी झालं होतं?”

“अंगाला. लग्नानंतर.”

“कोड!” जाऊबाई म्हणाल्या. खोलीतल्या भांड्यांनाही ऐकू गेलं. “हातापासून निंघालं आन समदं खाल्लं. भल्ली काळी होती व पह्यले, कढईवानी. काहून इचारून राह्यली?”

“इथल्या बायकांना खरं वाटत नाही.”

“आमी तिले पिठाले हात लावू देत नोव्हतो,” जाऊबाईंनी त्या बायकांनाच सांगायला सुरुवात केली. “धाब्यावर बसवत होतो. आन हे येडी वरतं गाने म्हने. मी इचारलं काय चाललं, तं म्हने राज्य चाललं.” त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. खोकला थांबल्यावर आवाज जरा खाली आला. “परात म्याच सरकवली होती त्या दिवशी. तिले नाई ठाऊक.”

मला खरंच नव्हतं ठाऊक. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, फोडांना तूप तिने लावलं, आणि हे मला फोनवर, गल्लीतल्या बायकांबरोबर कळलं. मी म्हणाले, “बरं झालं सांगितलं. तब्येतीला जपा.” त्या म्हणाल्या, “कैऱ्या आल्या हाईत, पाठवून देतो,” आणि फोन ठेवला.

परतवाडेवाली आपला उजवा हात पाहत होती. मग तिने डावा पाहिला. वर्षानुवर्षं माझ्या हातची पहिली लाटी तिने त्याच हातावर घेतली होती. दोन्ही हात जसेच्या तसे होते. एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि मग परतवाडेवालीलाही हसावं लागलं, पण तिला ते आवडलं नाही. अध्यक्षीण म्हणाली, “मंग आता काय ठरवायचं?” मग सुनेकडे वळून तीच म्हणाली, “बस बाई, पोयपाट घे.”

मी लाटी कापली आणि एकेकीच्या हातावर ठेवत गेले. परतवाडेवाली म्हणाली, “माहा आज उपास हाय.” तिचा उपास नव्हता. थोड्या वेळाने, डोकं दुखतं म्हणून ती घरी गेली. मी तिला जाऊ दिलं. मला कळायला किती वेळ लागला होता, ते मला माहीत होतं.

दुपारी सगळ्या गेल्यावर सून मागे राहिली. मला वाटलं, आभार मानेल. तिने वेगळंच विचारलं.

“आजी, मीपण तुमच्यासारखी पूर्ण पांढरी होईन का?”

मी म्हणाले, “मला माहीत नाही. काहींचं थांबतं. काहींचा रंग औषधाने परत येतो, असं नात म्हणते. तिच्याशी बोल. माझं चालत राहिलं.”

“मला माझा रंग आवडतो,” ती म्हणाली.

“मलाही माझा आवडायचा.”

यावर सांत्वनाचं काही बोलता आलं असतं, पण मला माझ्या नवऱ्यासारखं बोलता येत नाही आणि दुसऱ्या कोणाचं मला तेव्हाही लागू पडलं नव्हतं. मग तिने उठून परात घासली, पालथी घातली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी परतवाडेवाली आली. यावंच लागलं, तिच्याशिवाय पापड पातळ होत नाहीत आणि तिला ते ठाऊक आहे. ती सुनेपासून लांब, भिंतीकडेला बसली. उपास आहे का, मी विचारलं. “सुटला,” ती म्हणाली आणि हात पुढे केला. मी दिलेली लाटी तिने खाल्ली. लाट्या कापायला मात्र सून बसली होती. तिने कापलेली लाटी परतवाडेवालीच्या पोळपाटावर आली, तेव्हा ती थोडी थांबली, मग लाटायला लागली. पूर्ण अर्धा दिवस ती सुनेशी एक शब्द बोलली नाही.

मग अध्यक्षिणीने सुनेला पुन्हा लाटायला बसवलं. पोरीने मनापासून पापड लाटला. मधे जाड, कडेला फाटका, आणि आकार म्हणाल तर आमच्या जिल्ह्याच्या नकाशासारखा. परतवाडेवालीने लांबूनच पाहिलं. तिला राहवलं नाही. ती उठली, आली, सुनेच्या पोळपाटावरून तो पापड उचलला आणि उजेडाकडे धरला.

“हे पापड हाय का भाकर? तुह्या मायनं तुले काईच नाई शिकवलं का व?”

सुनेचा चेहरा पडला. पण शेजारीण कोपऱ्यातून उसळली. “माह्या सुनेले बोलाचं काम नाई. मी हाव बोलाले.”

“मंग बोल ना. काल दिसलं नाई का तुले, काय लाटून राह्यली?”

“तू लाटत होती का काल? तुहा तं उपास होता.”

दोघी पुढे बरंच बोलल्या, एकमेकींच्या माहेरापर्यंत गेल्या. मधल्यामध्ये परतवाडेवालीने सुनेच्या हातावर आपला हात ठेवून लाटणं फिरवून दाखवलं, भांडण न थांबवता. “दाबू नोको. फिरव. असं. पोयपाट फिरत नाई, पापड फिरते.” आणि पुन्हा शेजारणीकडे वळून, “आन माह्या भावाचं नाव काढू नोको.”

सुनेने मान खाली घालून नवी लाटी घेतली. दुसरा पापड जरा बरा आला. तिसरा फाटला.